पूजेला बसलेली पक्कड

आप्पांना आयुष्यात कुठल्याही वस्तूला 'नको' म्हणता आलं नाही. माणसांना म्हणत; जावयाला तर तोंडावर म्हणत. पण वस्तू समोर आली की त्यांची मान आपोआप होकाराला हलायची. हिंगोलीच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान. समोरच्या बाईला एकही साडी मनातून काढू द्यायची नाही, हा एकच धंदा त्यांनी गादीवर बसून उभा जन्म केला. अशा माणसाच्या हाती आमच्या मंडळींनी रानात न्यायच्या हत्यारांची निवड सोपवली होती. सोपवणाऱ्यांत मी नव्हते.

मंडळी म्हणजे आम्ही चार-सहा जीपवाले. पावसाळा सरला की जिथं रस्ता नाही तिथं गाड्या घालायच्या, सेनगावकडच्या डोंगरात नाहीतर इसापूर धरणाच्या काठाला तंबू ठोकायचे, हातानं रांधून खायचं आणि परत यायचं. मोठ्या शहरात याला इंग्रजी नावं आहेत. आमच्याकडं लोक "रानात जाऊन राहिले" एवढंच म्हणतात, आणि म्हणताना हसतात. मी हळद शिजवायचे बॉयलर भाड्यानं देते. हंगामात शेताशेतांतून बॉयलरमागं फिरताना जीप चिखलात घालणं आणि बाहेर काढणं हे माझं पोटापाण्याचं कामच आहे. तेच उरलेल्या वर्षात हौस म्हणून का करायचं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. निदान हत्यारांची हौस मला नाही. जॅक, त्याच्याखाली ठेवायला बाभळीची फळी, चाकाचे नट सोडवायची टॉमी, चार पाने, एक पक्कड, सब्बल, कोयता, दोरखंड आणि खुरपं. खुरपं सगळ्यांत महत्त्वाचं. आमची काळी माती चाकाला बसत गेली की चाकाला फिरायला जागाच उरत नाही. तिथं फावडं शिरत नाही, कोरूनच काढावं लागतं. एवढं सगळं सीटखाली मावतं आणि वर पाय ठेवायला जागा राहते.

आप्पांच्या जीपमध्ये पायच काय, दुसरा माणूस ठेवायला जागा नसायची. पहिल्यांदा मी त्यांना पक्कड मागितली तेव्हा त्यांनी मला आधी खाली बसवलं. चादर अंथरली. मग एकेक पक्कड समोर ठेवत गेले. "ही बघा, मुठीला कशी नरम हाय. ही जरा भारीतली. ह्या रंगात आता माल येईना झालाय." मी म्हटलं, आप्पा, मला वायर तोडायची आहे, नेसायची नाही. ते अजिबात रागावले नाहीत. "बघून तर घ्या, ताई. घ्यायचं काय बंधन न्हाई." वायर शेवटी शकीलभाईंनी दातानं तोडली. शकीलभाईंचं टायरचं दुकान आहे आणि दातही तसेच आहेत.

प्रत्येक हत्याराला आप्पांनी म्यान शिवलं होतं. ब्लाउजपीसचं, अस्तर लावून, तोंडाला नाडी. हातोडीला जांभळं, छिन्नीला हिरवं, करवतीला कुठल्याशा साडीच्या काठाचा तुकडा. हत्यारं एकमेकांवर आपटून खरचटतात, असं त्यांचं म्हणणं. म्यानं सगळी बंद, वरून कुठलं काय ते कळत नसे. पाना मागावा तर जांभळं सोडायचं, हातोडी निघायची, पुन्हा नाडी बांधायची, मग हिरवं. नाडी बांधल्याशिवाय दुसरं म्यान उघडायचं नाही, हाही नियम. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या शालूला वाळवी लागली, तवा ह्यांनी वळून बघितलं न्हाई. अन् त्या करवतीला हिवाळ्यात अस्तर बदलतेत."

सेनगावकडच्या गोरेगावच्या अलीकडं एका कोरड्या नाल्यात आप्पांची गाडी बसली. वाळू घट्ट होती. आमच्या गाड्या तिथूनच गेल्या होत्या. आप्पांची मागची बाजू तेवढी खाली गेली. शकीलभाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, गाडी वाळूत न्हाई फसली. तुमच्या सामानाखाली दबली." गाडी फसली तर काढायला म्हणून भरलेल्या लोखंडाच्या वजनानंच गाडी फसली होती. सगळं लोखंड उतरवून नाल्याच्या काठावर ठेवलं, तशी गाडी आपली आपण वर आली. मला वाटलं, आता तरी हा माणूस शिकेल. आप्पांनी पुन्हा एकेक म्यान भरायला घेतलं. "असू द्या," म्हणाले. "कामाला येईल." कधी, ते सांगितलं नाही.

त्यांचा हा स्वभाव मला फार चिडवायचा, आणि त्याहून चिडवायचं ते त्यांचं न चिडणं. दुकानातही तेच. एखादी बाई दुपारभर कपाट रिकामं करून घेई, गादीवर साड्यांचा डोंगर होई, आणि शेवटी पदर झटकून निघून जाई. मी असते तर तिला पायरी उतरू दिली नसती. आप्पा घड्या घालत बसायचे. मी एकदा विचारलं, वेळ फुकट गेला त्याचं काही वाटत नाही का? म्हणाले, "फुकट काहून? तिनं समदं बघितलं. न बघता गेली असती तर तिला घरी चैन पडलं असतं का?" या बोलण्यात व्यवहार कुठं बसतो ते मला आजही सापडलेलं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. क्लच दाबताना तोंडावर कळ दिसायची. त्यांच्या थोरल्या मुलानं, महेशनं, जीप विकून टाकली. दुकान तोच बघत होता, बापाची काळजीही तोच करत होता, त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. आप्पा मात्र जीप गेल्यावर आठवड्यानं एका दुपारी माझ्या आवारात आले. बॉयलरच्या सावलीत उभे राहून म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीत एक माणूस मावंल का?"

मी म्हटलं, माणूस मावेल. हत्यारं नाही. एक पिशवी, तीही मी देईन ती. पिशवीचं तोंड बंद व्हायला हवं.

"एकच?" जणू मी एकच पाय आणायला सांगितला होता.

महेशचीही अट होती, आणि माझ्यापेक्षा कडक. खंडेनवमीला निघायचं, रात्री मुक्काम, आणि दसऱ्याला सकाळी दुकानाची पूजा आप्पांच्या हातानं वेळेवर झाली पाहिजे. "ताई, ह्या वेळी काही घोळ झाला तर हे शेवटचं. मग आप्पा गादीवरून हलणार न्हाईत." आप्पा शेजारीच बसले होते. आपल्याबद्दल नसून दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं ते एका साडीची घडी मोडून पुन्हा घालत होते. पण घडी दोनदा चुकली. उभ्या जन्मात ती चुकली नसेल.

निवड माझ्या आवारात झाली, हळद वाळवायच्या ताडपत्रीवर. आप्पांनी सगळी म्यानं सोडून लोखंड मांडलं. लग्नाचा बस्ता काढावा तसं.

"हा ओळंबा कशाला, आप्पा? गवंडी आहात का?"

"तंबूचा खांब सरळ हाय का बघाया."

"आणि वाकडा निघाला तर?"

"तर... कळंल."

"बाजूला ठेवा."

"ही काच कापायची हिरकणी?"

"गाडीची काच फुटली तर."

"फुटलेली काच कापून काय करायचं?"

मी हिरकणी बाजूला टाकली. मग घडीचं फावडं निघालं, मोबाईलवरून मागवलेलं, आमटी वाढायच्या पळीएवढं. मग पोटात पेचकस असलेली हातोडी. मग पडलेला खिळा शोधायचं लोहचुंबक, दांड्यासकट. प्रत्येक वस्तू बाजूला गेली की आप्पा हळूच "असू द्या की" म्हणायचे, आणि मी "नाही" म्हणायची. शेवटी उरली हातोडी, चार पाने, पेचकस, टॉमी, खुरपं आणि एक जुनी पक्कड. काळी, जड, जबडा घट्ट. मी ती हातात घेऊन उघडझाप केली आणि म्हटलं, "ही मात्र चांगली आहे." मी आप्पांच्या हत्याराला चांगलं म्हटल्याची ही एकच वेळ. आप्पांनी ती पक्कड माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतली.

खंडेनवमीलाच का निघायचं, तर त्या दिवशी लोखंडाला सुट्टी असते. हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. शकीलभाईंच्या दुकानातसुद्धा कामगार कॉम्प्रेसरला हार घालतात आणि शकीलभाई पेढे वाटतात. दुकान बंद, आवार बंद, बॉयलर थंड. आम्हा तिघांना एकदम मोकळा असा तो एकच दिवस. आतापर्यंत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो.

कळमनुरी मागं टाकून धरणाच्या काठाला लागलो तेव्हा दुपार होती. पाणी नुकतंच थोडं ओसरलं होतं. वरून सुकलेली दिसणारी माती खाली लोण्यासारखी होती. माझी जीप चारी चाकांनी आत गेली. शकीलभाईंची गाडी मागं थांबली. मी उतरले, सीट उचलली. खाली बाभळीची फळी आणि दोरखंड. बाकी काही नाही. माझ्या कामगारांनी गाडी धुताना जॅकपासून कोयत्यापर्यंत सगळं काढून आवारात पूजेला मांडलं होतं. मला राग आला, पण काळजी वाटली नाही. या वेळी पिशवी मी स्वतः निवडलेली होती.

"आप्पा, खुरपं द्या."

आप्पांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "खुरपं पूजेला बसलंय, ताई."

"टॉमी?"

"पूजेला."

"पक्कड?"

"ती तर मधी बसवली. तुमी चांगली म्हणाल्या म्हणून."

"मग या पिशवीत काय आहे?"

त्यांनी नाडी सोडली. ओळंबा. हिरकणी. लोहचुंबक. पळीएवढं फावडं. मी काढून टाकलेली एकूण एक वस्तू, म्यानासकट. "चांगली समदी पूजेला गेली," आप्पा म्हणाले. "मग पिशवी रिकामी कशी आणावी?"

मी शकीलभाईंकडं बघितलं. ते आधीच आपल्या डिकीत डोकं घालून उभे होते. डोकं बाहेर काढून म्हणाले, "मी पेढे वाटले, ताई. पाने तिथंच राहिले." दोन गाड्या, तीन धंदेवाले, आणि वर्षातला एकच दिवस असा की सगळ्या हिंगोलीत कुणाच्या हाताला पाना लागणार नाही, त्या दिवशी आम्ही चिखलात गाडी घालायला निघालो होतो. वरच्या शेतात एक ट्रॅक्टर दिसला. शकीलभाई वर जाऊन आले. ट्रॅक्टरच्या नाकावर हार घातलेला होता. मालकानं पाणी दिलं, केळी दिली आणि सांगितलं, "आज लोखंड हलत न्हाई. उद्या सकाळी पूजा उतरली की ओढतो."

उद्या सकाळी आप्पा गादीवर नसले तर काय, ते तिघांनाही माहीत होतं. आप्पा पिशवी घेऊन गाडीतच बसून होते. मी घडीचं फावडं घेऊन चाकाला भिडले. दुसऱ्या घावाला त्याची मान मोडली. आप्पांनी वरून बघितलं. प्रथमच "असू द्या" म्हणाले नाहीत. खाली उतरले आणि गुडघा धरत मागच्या बाजूला गेले. काकूंनी रांधायला दिलेली भांड्यांची पेटी त्यांनी उघडली.

विळीची पूजा करणारी घरं मला माहीत आहेत. पण उलथन्याला हार घातलेला मी कुठंच बघितला नाही. स्वयंपाकघरातल्या लोखंडाला खंडेनवमीचीही सुट्टी नसते. आप्पांनी उलथनं घेतलं, शकीलभाईंना झारा दिला, मला परात. निवड करायला त्यांना क्षणभरही लागला नाही. चिखलात फतकल मारून बसले आणि चाकाभोवतीची माती थराथरानं सोलायला लागले. कोरलेली माती मी परातीत घेऊन लांब टाकत होते. शकीलभाई झाऱ्याला शिव्या देत होते. मी आप्पांना दोनदा उठायला सांगितलं. "ताई, बसलोय ते बरंय," म्हणाले. "उठायाला तकलीफ होते." चौथं चाक दिसलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. फळी घातली, त्यांच्या ब्लाउजपीसची सगळी म्यानं चाकांखाली कोंबली, दोरखंड बांधून शकीलभाईंनी ओढलं, आणि गाडी निघाली. म्यानं चिखलात गेली. आप्पांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांना दोघांनी मिळून उभं करावं लागलं.

रात्र तंबूत काढून सकाळी लवकर निघालो, पण आप्पांचे धरलेले गुडघे सांभाळत यायचं म्हणून उशीर झालाच. दुकानाला तोरण लागलेलं, पायरीवर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि दारात महेश. आप्पा कमरेपर्यंत वाळलेल्या चिखलाचे. महेशनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ताई, काय घोळ केला आप्पांनी?"

मी म्हटलं, "आप्पांनी काही केलं नाही. गाडी माझी, फसवली मी, आणि जॅक माझा आवारात पूजेला बसला. तुझ्या वडिलांनी चारी चाकं सोडवली. आता त्यांना पाय धुऊ दे, लोक थांबलेत."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पिशवीबद्दल त्यानं विचारलं नाही. महेश आत जाऊन पाण्याची बादली घेऊन आला. पूजा झाली. आप्पांनी मला आपट्याचं पान दिलं आणि वाकून हळूच विचारलं, "पुढच्या वेळी ओळंबा आणू का?"

"नको," मी म्हटलं.

ते पुढंही माझ्या गाडीतून येत राहिले, जमेल तोवर. काकूंनी वाकलेलं उलथनं त्यांच्या नावानं राखून ठेवलं, "ह्याच्यानं भाकर उलटत न्हाई, गाडी उलटते," असं येईल त्याला सांगत. मी आता खंडेनवमीला एक पक्कड आणि एक खुरपं पूजेतून मागं ठेवते. कामगार विचारतात, "मॅडम, हे काहून बाजूला?" मी सांगते, त्याला ड्यूटी आहे.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारचं जेवण करून गादीवर टेकले होते. समोर उघडलेल्या साड्या तशाच होत्या. तेराव्यानंतर काकूंनी मला आणि शकीलभाईंना बोलावलं. म्हणाल्या, महेशला ह्या लोखंडाचं काय करावं कळेना, तुम्हाला पाहिजे ते न्या. त्यांनी चादर अंथरली होती. म्यानं पुन्हा शिवलेली होती, सगळी नवी. चिखलात गेली ती कायमची गेली, असं मला वाटलं होतं.

काकू एकेक नाडी सोडून समोर ठेवत गेल्या. हातोड्या, करवती, पकडी, छिन्न्या, नवं घडीचं फावडं, ओळंबा. मला आवारात काम होतं. एरवी मी दुसऱ्या म्यानाला उठले असते. सगळं सुटेपर्यंत बसले. प्रत्येक हातात घेतलं, उलटून बघितलं, खाली ठेवलं. मग काकूंबरोबर नाड्या बांधायला लागले. जांभळं हातोडीचं, हिरवं छिन्नीचं. एकही चुकलं नाही.

पायरी उतरताना शकीलभाई म्हणाले, "ताई, इतकं समदं बघितलं, अन् एकबी घेतलं न्हाई?"

"घेण्यासारखं त्यात काही नव्हतं," मी म्हटलं. "आणि घ्यायचं बंधनही नव्हतं."